व्हॅनमध्ये सोलर चार्ज कंट्रोलर बसवायचाय? आधी बॅटरी, मग पॅनल

"सोलर लावलंय तरी बॅटरी सकाळपर्यंत टिकत नाही" अशी तक्रार असलेली गाडी उघडून बघितली की बहुतेक वेळा पॅनल बरं असतं, बॅटरीही ठीक असते आणि गडबड निघते मधल्या छोट्या डबीपाशी (हाच चार्ज कंट्रोलर), म्हणजे डबीतही नाही, तिच्या वायरिंगमध्ये नाहीतर सेटिंगमध्ये.

ती डबी लागतेच का, तर '१२ व्होल्टचं' पॅनल नावालाच १२ चं असतं. चांगल्या उन्हात ते १८ च्या आसपास काम करतं आणि काही न जोडता मोजलं तर २२ सुद्धा दाखवतं, ते थेट बॅटरीला लावलं तर बॅटरी उकळणार. शिवाय रात्री बॅटरीतला करंट उलटा पॅनलकडे जाऊ नये हेही कंट्रोलरच बघतो.

कंट्रोलर दोन प्रकारचे, पीडब्ल्यूएम घ्यावा की एमपीपीटी? पीडब्ल्यूएम म्हणजे एक झटपट चालूबंद होणारा स्विच, तो पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर खाली ओढतो. १०० वॉटचं पॅनल १८ व्होल्टला साधारण साडेपाच अँपिअर देतं, बॅटरी १३ वर असेल तर १३ गुणिले साडेपाच म्हणजे ७२ वॉटच पदरात पडतात. एमपीपीटी वरचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो म्हणून महाग. एकच छोटं पॅनल आणि दोन दिवे, पंखा, मोबाईल एवढंच असेल तर पीडब्ल्यूएम चालतो, उगाच खर्च करू नका. पण घराच्या छतावर लावतात तसलं ३० व्होल्टच्या पुढचं मोठं पॅनल १२ च्या बॅटरीला पीडब्ल्यूएमवर लावलंत तर अर्ध्याहून जास्त वीज वाया, तिथे एमपीपीटीच पाहिजे.

साईज काढायला पॅनलचे एकूण वॉट भागिले बॅटरीचे व्होल्ट. ४०० वॉट, १२ व्होल्ट म्हणजे ३३ अँपिअर, तर ४० चा घ्या. हे सगळे बघतात, जे बघत नाहीत ते म्हणजे पॅनल साईडचं कमाल व्होल्टेज. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, २५ डिग्रीच्या खाली दर डिग्रीला साधारण ०.३ टक्के. समजा २३ व्होल्ट ओपन सर्किटची (म्हणजे काही न जोडता मोजलेले व्होल्ट) दोन पॅनल सिरीजमध्ये आहेत म्हणजे ४६ झाले, कंट्रोलर ५० चा आहे, वाटतं बसलं गणित, पण उणे ५ च्या पहाटे ऊन पडलं की तेच ५० च्या वर जातं आणि कंट्रोलर कायमचा गेला. अँपिअर जास्त झाले तर चांगला कंट्रोलर स्वतःला आवरतो, व्होल्ट जास्त झाले तर आवरायला वेळच मिळत नाही.

आता जागा. बॅटरीच्या जवळ, पण पाणी घालायची बॅटरी असेल तर तिच्या डोक्यावर नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि ॲसिडच्या वाफेने टर्मिनल खराब होतात. उभा बसवा, मागच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांना हवा खालून वर जायला जागा ठेवा, कपड्यांच्या कपाटात कोंबू नका.

जवळ का, तर मी स्वतः आधी कंट्रोलर दाराजवळ लावला होता, डिस्प्ले येताजाता दिसावा म्हणून 😅 बॅटरी ३ मीटर लांब, वायर ६ स्क्वेअर एमएम. २० अँपिअरला त्या जाऊन-येऊन ६ मीटर वायरमध्ये ०.३५ व्होल्ट पडत होते, म्हणजे कंट्रोलर १४.१ दाखवायचा आणि बॅटरीला १३.७५ च मिळायचे. कंट्रोलरला वाटायचं झालं काम, बॅटरी मात्र रोज उपाशी. वर सेटिंग जेलवर राहिलेलं, बॅटरी एजीएम (दोन्ही पाणी न घालायच्या बंद लेड-ॲसिड बॅटऱ्या, पण व्होल्ट वेगळे)! एक अख्खा सीझन मी बॅटरीवाल्याला शिव्या घालत होतो. कंट्रोलर एक मीटरवर आणला तर तीच वायर ०.१२ च खाते. डिस्प्ले बघायचाच असेल तर ब्लूटूथवाला घ्या.

वायर बारीक तारांची लवचिक घ्या, एकेरी जाड तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. टोकाला लग (धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच फ्यूज हवा, मीटरभर लांब नाही, कारण वायर कुठेही घासून शॉर्ट झाली तर आग लावायची ताकद बॅटरीत आहे. पॅनल साईडला डीसी एमसीबी लावा. घरातला एसी एमसीबी इथे नको, एसीमध्ये करंट सारखा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीमध्ये ती आत जळत राहते.

जोडायचा क्रम असा, आणि हा क्रम मोडू नका. पॅनलवर जाड चादर टाका नाहीतर एमसीबी बंद ठेवा. मल्टीमीटरने प्लस-मायनस तपासा, वायरच्या रंगावर विश्वास नको. मग आधी बॅटरी जोडा, कंट्रोलर जागा होऊन १२ ची सिस्टीम आहे की २४ ची हे तिच्यावरूनच ओळखतो, मग लोड (दिवे, पंखा वगैरे), आणि सगळ्यात शेवटी पॅनल. काढताना उलटं, पॅनल पहिलं. बॅटरीशिवाय नुसतं पॅनल लावलं की काही कंट्रोलर तिथल्या तिथे जातात.

स्वस्त पीडब्ल्यूएममध्ये एक छुपी खोच असते, बऱ्याच कंट्रोलरमध्ये पॅनल, बॅटरी आणि लोडचं पॉझिटिव्ह आतून एकत्र असतं आणि स्विचिंग मायनसमध्ये होतं. गाडीत आपण मायनस सवयीने बॉडीला लावतो, मग पॅनलचा किंवा लोडचा मायनस बॉडीला टेकला की कंट्रोलरला बायपासच झाला ना. मॅन्युअलमध्ये 'कॉमन पॉझिटिव्ह' लिहिलंय का ते बघा, असेल तर हे दोन्ही मायनस फक्त कंट्रोलरवरच.

लोडच्या टर्मिनलला इन्व्हर्टर अजिबात लावू नका. ते १०-२० अँपिअरचं असतं आणि इन्व्हर्टर चालू होतानाच त्याहून मोठा झटका ओढतो. इन्व्हर्टर थेट बॅटरीला, स्वतःच्या फ्यूजमधून.

सेटिंगला बॅटरी कंपनीने दिलेला आकडा शेवटचा, तरी अंदाज म्हणून सांगतो. पाण्याच्या बॅटरीला ॲब्सॉर्प्शन (बॅटरी भरत आली की धरून ठेवायचे व्होल्ट) १४.४ ते १४.८, एजीएमला १४.४ ते १४.७, जेलला १४.१-१४.२ च्या वर नको, लिथियम फॉस्फेटला १४.२ ते १४.६. फ्लोट (पूर्ण भरल्यावरचे व्होल्ट) सगळ्यांना साडेतेराच्या आसपास. इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टवर केलेलं चार्जिंग) फक्त पाण्याच्या बॅटरीला, बाकी सगळीकडे बंद. टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (तापमानानुसार व्होल्ट कमीजास्त करणं) लेड-ॲसिडला, म्हणजे पाण्याची, एजीएम, जेल तिन्हींना हवं, लिथियमला बंद, आणि लिथियम शून्य डिग्रीखाली चार्ज करूच नका, बॅटरीत तशी कटऑफ आहे का ते आधी बघून घ्या.

वापरताना लोक घाबरतात ते एका गोष्टीला, टळटळीत उन्हात दुपारी २ वाजता स्क्रीनवर फक्त १ अँपिअर. अहो, बॅटरी भरलीये! बल्कमध्ये, म्हणजे बॅटरी रिकामी असताना, कंट्रोलर मिळेल तेवढं ओततो, ॲब्सॉर्प्शनमध्ये व्होल्ट धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरतो, फ्लोटमध्ये नुसता थेंब थेंब. खात्री करायची असेल तर फ्रीज चालू करा, अँपिअर लगेच वर जातील. नाहीच गेले तर छतावर बघा, व्हेंटची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर जरी आली तरी बरंच नुकसान होतं. लेड-ॲसिडची खरी अवस्था बघायची तर चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून काही तासांनी मोजा, १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, त्याखाली रोज नेऊ नका.

आणि पहिल्या लांब ट्रिपनंतर स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळी टर्मिनल परत आवळा, हादऱ्यांनी हमखास एखादं ढिलं झालेलं असतं आणि ढिल्या टर्मिनलचं प्लास्टिक वितळतं.