गेन पेडल दाबलं की बास घुमते? आधी तारांना हात लावा

विसर्जन मिरवणुकीत नाशिक ढोलाचं पथक घराखालून गेलं की स्टँडवर ठेवलेली माझी बास गिटार आपोआप गुणगुणायला लागते. कोणी हात लावलेला नसतो, ढोलाच्या दणक्यानेच तारा हलतात. अँप बंद असेल तोवर ही गंमत. अँप चालू आणि फझ पेडल (आवाज फुगवून खरखरीत करणारं, पायाने दाबायचं गेन पेडल) दाबलेलं असेल, तर तेच गुणगुणणं स्पीकरमधून बाहेर येतं, पुन्हा तारा हलवतं आणि बघता बघता खोलीत भोंगा सुरू होतो. फीडबॅक म्हणजे एवढंच. फक्त ढोलाच्या जागी तुमचंच कॅबिनेट, म्हणजे अँपच्या स्पीकरची पेटी, असतं.

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ, कोणतंही घ्या. ही पेडलं बारीक आवाजाला मोठ्याच्या पंक्तीला नेऊन बसवतात. एरवी ऐकूही न येणारी मोकळ्या तारेची थरथर त्यामुळे फुगते. आधी कॉम्प्रेसर (मोठा-बारीक आवाज एकसारखा करणारं पेडल) लावलेला असेल तर विचारूच नका. तो पहिल्यांदा बंद करून बघा.

घुमायला लागलं की नॉबकडे धावू नका. चारही तारांवर तळहात सपाट ठेवा. आवाज थांबला तर दोष तारांचा. तारा दाबूनही बारीक शिट्टी चालूच असेल, तर बहुधा पिकअपच्या (तारांची थरथर टिपणाऱ्या, गिटारवरच्या चुंबकी भागाच्या) आतली तार सैल झाली आहे; ते मेण भरून घट्ट करण्याचं काम कारागिराकडे द्यावं. आणि गिटार फिरवल्यावर कमी-जास्त होणारी एकसुरी गुणगुण असेल, तर तो फीडबॅकच नाही, घरातल्या ५० हर्ट्झ विजेचा हम आहे. त्यावर खालचे उपाय करून काही हाती लागणार नाही.

तारांचाच दोष निघाला, तर आता गेन, म्हणजे पेडल आवाज किती फुगवतं ते ठरवणारा नॉब. तो शून्यावर आणा, बँडसोबत वाजवता तेवढ्या आवाजात वाजवा आणि हवा तेवढा खरखरीतपणा येईपर्यंतच वर न्या. घरी हळू आवाजात लावलेलं सेटिंग स्टेजवर जवळपास नेहमीच जास्त निघतं. माझं तर दरवेळी निघालं आहे, तरी मोह सुटत नाही. पेडलवर ब्लेंड नॉब (गिटारचा मूळ आवाज मिसळणारा) असेल तर स्वच्छ आवाज वाढवा. गेन कमी करूनही आवाजाला वजन राहतं. पेडल चालू-बंद करून आवाज सारखा राहतोय ना, तेही लेव्हल नॉबने जुळवा.

यानंतर जागा. कॅबिनेटच्या तोंडासमोर उभं राहू नका, बाजूला सरका. कॅबिनेट कोपऱ्यातून बाहेर ओढा, कारण कोपरा खर्ज फुगवतो. लाकडी स्टेज असेल तर खाली जाड फोम घाला. खोलीचाही स्वतःचा एक सूर असतो. मी सिडकोतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सराव करतो आणि तिथे ‘ए’ची मोकळी तार हटकून पेटते. कारण सोपं आहे. ५६३ ला (आवाज सेकंदाला जितके फूट जातो, त्याच्या निम्मे) खोलीच्या फुटांनी भागा, खोलीचा सूर मिळतो: दहा फुटांना साधारण ५६ हर्ट्झ येतात आणि ‘ए’ची तार ५५ वर आहे. बारा फुटांना ४७, म्हणजे ‘ई’ तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटच्या आसपास. इक्वलायझर असेल तर तेवढाच अरुंद पट्टा थोडा खाली घ्या. सगळा बासच कापला तर बँडमध्ये तुमचं काम काय उरलं?

हाताची सवय मात्र कोणतंही यंत्र लावून देत नाही. वाजत नसलेल्या तारा दाबून ठेवायच्या: उजवा अंगठा वरच्या जाड तारांवर टेकलेला, डाव्या हाताची रिकामी बोटं बारीक तारांवर आडवी. गाणं संपलं की आधी तळहात, मग गिटारचा व्हॉल्यूम शून्य, मग पेडल बंद. हा क्रम उलटा झाला की मधल्या शांततेत भोंगा वाजतो.

नॉइज गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारं पेडल) शेवटी, आणि तो गेन पेडलच्या नंतर जोडा. तो फक्त थांबल्यावर दार लावतो. सूर धरलेला असताना घुमलं तर त्याचा काही उपयोग नाही. गाण्यातला सगळ्यात लांब सूर वाजवून थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, लावा. शेवट मध्येच कापला जात असेल तर तो आणखी खाली आणा.