महाविष्णू ऑर्केस्ट्रा ऐकायचा तर कान बेसवर ठेवा

मी तबला शिकलेला माणूस, मात्रा मोजायची सवय अंगात मुरलेली. तरीही गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा पहिला अल्बम ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ पहिल्यांदा लावला तेव्हा दुसरी रचना संपायच्या आत बंद केला. गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड, ड्रम्स सगळे एकदम अंगावर आले आणि सम कुठे आहे तेच कळेना. पुढे हाच बँड मला इतका लागला की आज कुणी म्हणालं, ‘ऐकून बघितलं, गोंगाट वाटला,’ तर मी त्याला सोडत नाही. समोर बसवतो आणि पुढे लिहिलंय त्या क्रमाने ऐकवतो.

आधी मोबाइलचा स्पीकर बाजूला ठेवा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते, ती त्या एवढ्याशा स्पीकरला झेपत नाही. आणि बेस ऐकू आला नाही तर या बँडमध्ये धरायला काहीच उरत नाही. साधे का होईना, पण हेडफोन हवेत.

सुरुवात पहिल्या अल्बमच्या शेवटापासून करा. 1971 च्या या अल्बममधली शेवटची रचना ‘यू नो, यू नो’. तिच्यात एक संथ तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो. घाई कुणालाच नाही. पहिल्या वेळी फक्त हातावर टाळी देत तो तुकडा जिथून सुरू होतो ती जागा पक्की करा, बाकी कशाकडे लक्ष देऊ नका. दुसऱ्या वेळी बिली कोबमचे ड्रम्स ऐका. तो मधेच उसळतो, क्षणभर वाटतं की आता लय सुटली, आणि तो नेमका जागेवर येतो. शेवटाकडे वाद्यं थांबतात, शांतता पसरते आणि अचानक आघात होतो. त्या शांततेत तुमची टाळी चालू राहिली आणि आघात तिच्यावर पडला, तर हा बँड तुमचा झाला असं समजा.

आता ‘द डान्स ऑफ माया’. ही घाईत ऐकू नका, हिला एक अख्खी संध्याकाळ द्या. सुरुवातीला गिटार एकेक स्वर छेडत एक वाकडीतिकडी, काहीशी भीतिदायक सुरावट मांडते. ती दहा मात्रांची आहे. तबल्याची सवय असलेल्यांनी इथे झपताल शोधू नये. दोन-तीन-दोन-तीन असे खंड लावायला गेलात की गाडी रुळावरून उतरते. नुसतं एक ते दहा मोजा. पुढे एकदम नूर बदलतो आणि ब्लूजची डुलणारी चाल सुरू होते. तिचं आवर्तन वीस मात्रांचं. ऐकताना वाटतं, अरे, ही तर वेगळीच रचना! पण शेवटी पहिली सुरावट परत येते आणि थेट त्या डुलत्या चालीवर चढते. दहाची दोन आवर्तनं विसाच्या एकात चपखल बसतात. मला हे पहिल्यांदा बोटांवर कळलं, कानाला नंतर. अंगावर काटा आला होता.

मग 1973 चा ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ घ्या. त्याच नावाच्या रचनेची सुरुवात घंटेच्या मोठ्या नादाने होते आणि मग अठराचं आवर्तन उलगडतं. ‘सेलेस्टियल टेरेस्ट्रियल कम्यूटर्स’ एकोणीसची, तीन मिनिटांच्या आत संपते. ती जमली नाही तरी चालेल.

या अल्बममध्ये एक अडचण येते: सूर नेमका कुणाचा? जॉन मॅक्लॉक्लिनची गिटार, जेरी गुडमनचं व्हायोलिन आणि यान हॅमरचा मिनीमूग हा सिंथेसायझर एकाच पट्टीत धावतात. हॅमर तर सिंथेसायझरवर चाक फिरवून सूर असा वाकवतो की गिटारच वाटावी. माझी खूण अशी: सूर सुरू होतानाचा क्षण पकडा. गिटारला खट्‌कन टोक असतं, व्हायोलिनला गजाचं घर्षण, आणि मूगचा सूर गुळगुळीत उमटतो. ‘वन वर्ड’मध्ये या तिघांचा सवाल-जवाब आहे, तुकडे लहान लहान होत जातात. तिथे ही खूण घासून बघा.

आपल्याकडचे पुष्कळ जण झाकीरभाईंमुळे, म्हणजे तबलावादक झाकीर हुसेन यांच्यामुळे, त्यांच्या आणि मॅक्लॉक्लिनच्या ‘शक्ती’ या बँडकडून मॅक्लॉक्लिनपर्यंत पोचतात. शक्ती मलाही जिवापाड आवडतो, पण तो कान घेऊन इथे येऊ नका, राग शोधत बसाल. मॅक्लॉक्लिन इथे आला तो ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1969 च्या ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बममधून आणि ड्रमर टोनी विल्यम्सच्या ‘लाइफटाइम’ या बँडमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या जॅझमधून. ‘महाविष्णू’ हे नाव मात्र त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं.

ही पहिली पाच जणांची जोडणी 1973 संपताना मोडली. रचना कुणाच्या, श्रेय कुणाचं, यावरून आत धुमसत होतं. 1974 मध्ये नव्या माणसांसह ‘अपोकॅलिप्स’ आला, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राला सोबत घेऊन, जॉर्ज मार्टिनच्या निर्मितीत. भव्य आहे, पण मी तो क्वचितच लावतो. त्या पाच जणांची एकमेकांना भिडायची ओढ त्यात मला सापडत नाही.

त्याऐवजी ‘द लॉस्ट ट्रायडंट सेशन्स’ शोधा. जून 1973 मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम तेव्हा बाजूला पडला आणि थेट 1999 मध्ये बाहेर आला. त्यातली हॅमरची ‘सिस्टर आंद्रिया’ आधी ऐका, मग तीच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या ऑगस्ट 1973 च्या मैफलीत ऐका. ती ‘बिट्वीन नथिंगनेस अँड इटर्निटी’वर मिळेल. दोन्ही वेळा रिक लेअर्डचा बेस धरून चला. चौघं उधळलेले असताना सम सांभाळून उभा राहणारा माणूस तो. पुढे त्याने संगीत सोडून छायाचित्रण धरलं, 2021 मध्ये तो गेला. ट्रायडंटच्या अल्बमवर त्याची स्वतःची एक रचना आहे, ‘स्टेपिंग्ज टोन्स’. ती सगळ्यात शेवटी लावा.