सराउंडमध्ये अल्बम ऐकायचा आहे? मग आधी ही तयारी

सराउंड म्हणजे पुढे तीन आणि मागे दोन अशा पाच स्पीकरमधून चहूबाजूंनी ऐकू येणारा आवाज. त्यासाठी सगळ्यात आधी खुर्चीची जागा ठरवा, स्पीकरचं नंतर बघू. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. स्पीकर टीव्हीच्या आजूबाजूला लागतात, मागचे दोन छताजवळ कोपऱ्यात ठोकले जातात आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो. सिनेमाला हे चालून जातं, कारण मागून बहुतेक वेळा पाऊस, गर्दी, एखादं विमान एवढंच येतं. अल्बमचं तसं नाही. तिथे मागच्या स्पीकरवर अख्खी गिटार असते, कोरस असतो, कीबोर्ड असतो. मिक्स करणाऱ्याने, म्हणजे कुठलं वाद्य कुठल्या स्पीकरवर वाजेल हे ठरवणाऱ्याने, स्टुडिओत पाचही स्पीकर कानाच्या उंचीवर आणि स्वतःपासून सारख्या अंतरावर ठेवून ते काम केलेलं असतं. आपल्या हॉलमध्ये तीच मांडणी जमेल तितकी जमवायची, त्यासाठी ही सगळी खटपट.

मेजरटेप, सुतळी आणि खडू घ्या. खुर्ची मागच्या भिंतीपासून निदान तीन फूट पुढे ओढा. डोकं भिंतीला टेकलं की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, फुगतो आणि मागच्या स्पीकरना मागे जागाच उरत नाही. हॉल दहा फूट रुंद असेल तर साडेचार फुटांची सुतळी घ्या. तिचं एक टोक खुर्चीच्या मध्यावर धरून फरशीवर खडूने वर्तुळ काढा. पुढचे डावा-उजवा याच वर्तुळावर, एकमेकांपासूनही साडेचार फुटांवर ठेवा, म्हणजे तुम्ही आणि ते दोघे मिळून समभुज त्रिकोण होतो. मधला बरोबर नाकासमोर. मागचे दोन अगदी पाठीमागे नकोत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत त्यांची जागा नाकासमोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर आहे. आपल्या वर्तुळात ती कानांच्या रेषेच्या साधारण दीड फूट मागे आणि बाजूला सव्वाचार फुटांवर येते. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे, ट्वीटर (बारीक, उंच आवाज देणारा स्पीकरमधला छोटा भाग) कानाच्या उंचीला. मागचा एखादा स्पीकर नेमका स्वयंपाकघराच्या वाटेत येणार असेल तर तो स्टुलावर ठेवा आणि ऐकून झालं की उचला. कायमचा भलत्या जागी ठोकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मधल्या स्पीकरला नीट जागा नसेल किंवा तो बाकीच्यांच्या मानाने फारच लहान असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तो काढून ठेवावा. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) सेंटर, म्हणजे मधला, 'नन' केलं की त्याचा आवाज पुढच्या दोघांत वाटला जातो आणि मधोमध बसलेल्याला गायक तरीही समोरच ऐकू येतो. छतावरच्या स्पीकरची घाई करू नका. जमिनीवरचे चार-पाच चांगले, एकाच जातीचे आणि नीट जागेवर असतील तर ५.१ चं, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त बासचा स्पीकर) यांसाठीचं मिक्स पुरेपूर ऐकू येतं.

वायर दीड एमएमची, मल्टिस्ट्रँड. टोक सोलल्यावर तारा बोटांनी घट्ट पिळून घ्या. केसाएवढी एक तार जरी शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडू शकतो. लाल ते लाल, काळं ते काळं हे पाचही ठिकाणी तपासा. एक जोडी उलटी लागली तर आवाज येतच राहतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. फक्त बास पातळ होतो आणि गायक एका जागी ठरत नाही.

आता खुर्चीत बसून रिसीव्हरचा टेस्ट टोन, म्हणजे एकेका स्पीकरमधून येणारा चाचणीचा आवाज, लावा. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप पुरेल, कारण आपल्याला फक्त तुलना करायची आहे. फोन कानाच्या उंचीवर एकाच जागी धरा आणि प्रत्येक स्पीकर एकाच आकड्यावर आणा. एखादा स्पीकर जवळ घ्यावाच लागला तर त्याचं खरं अंतर रिसीव्हरमध्ये भरा. एका फुटाला आवाजाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, तेवढा उशीर मशीन आपोआप करतं. स्पीकर लहान असतील तर 'स्मॉल' निवडून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याखालचा बास सबवूफरकडे जातो. सबवूफरच्या बाबतीत फोनवर भरवसा नको. सब चक्क खुर्चीच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बास सगळ्यात सारखा आणि स्वच्छ लागेल, तिथे सब ठेवायचा.

टाळी वाजवून बघा. व्हिट्रिफाइड टाइल्स आणि मोकळ्या भिंती असतील तर आवाज टणटणतो. समोर जाड सतरंजी, खिडक्यांना जाड पडदे आणि भरलेलं पुस्तकांचं कपाट एवढ्यानेही खूप फरक पडतो. शोकेसच्या काचा बासबरोबर थरथरतात, तिथे फेल्टचे तुकडे चिकटवा. पंखा हळू करा.

डिस्कची तयारी वेगळी. सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे सराउंड मिक्सही मावणारी सीडीसारखी डिस्क, बाजारात आली १९९९ मध्ये. तिची हायब्रिड, म्हणजे साध्या सीडीचाही थर असलेली डिस्क साध्या सीडी प्लेअरमध्ये वाजते, पण तिथे फक्त सीडीचा स्टिरिओ थर वाचला जातो. ही डिस्क वाचणारा प्लेअर हवा, त्याच्या मेनूत 'मल्टी' निवडलेलं हवं आणि एचडीएमआय केबल थेट रिसीव्हरला हवी. स्ट्रीमिंगवर अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉस (छतावरचे स्पीकरही वापरू शकणारं सराउंड) आणलं. मात्र तिथेही प्रत्येक अल्बम अ‍ॅटमॉसमध्ये नसतो. प्ले दाबल्यावर आधी रिसीव्हरचा डिस्प्ले वाचा. 'स्टिरिओ' दिसलं तर थांबा आणि सेटिंग शोधा. मागून आवाज येतोय एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कारण 'ऑल चॅनल स्टिरिओ' मोडमध्ये तोच स्टिरिओ सगळीकडून वाजतो. नाइट मोडही बंद करा, तो हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून टाकतो.

पहिला अल्बम म्हणून मी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' सुचवेन. १९७३ च्या या अल्बमचं ५.१ मिक्स ध्वनी-अभियंता जेम्स गथ्रीने केलं आणि ते २००३ मध्ये सुपर ऑडिओ सीडीवर आलं. त्यातल्या 'टाइम' गाण्याच्या सुरुवातीची घड्याळं अल्बमचा ध्वनी-अभियंता अ‍ॅलन पार्सन्सने क्वाड्राफोनिक (चार स्पीकरच्या) आवाजाच्या प्रात्यक्षिकासाठी ध्वनिमुद्रित केली होती, म्हणजे ती चहूबाजूंनी ऐकण्यासाठीच होती. मांडणी तपासायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. सगळा ठणठणाट एकाच कोपऱ्यातून येत असेल तर लेव्हल पुन्हा बघा.

खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा आणि रात्री दहाच्या आत अल्बम संपेल असं बघा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दोघं ऐकणार असाल तर खुर्च्या शेजारी-शेजारी न लावता एकामागे एक लावा आणि निम्म्यावर जागा बदला. झाल्यावर रिसीव्हरच्या सेटिंगचा फोटो काढा आणि स्पीकरच्या पायाशी खडूऐवजी मास्किंग टेप लावा. फरशी पुसताना खडू जातो, टेप राहते.