कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीत नव्याने आलात? कुठे आणि कधी फिरावं

दर ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याकडे एखाद-दुसरं नवं कुटुंब जेवायला येतं. घर सनीव्हेलला असो, क्युपर्टिनोला असो की मिलपिटासला, पानावर बसेपर्यंत विषय ठरलेले असतात: भाडं, शाळा, ड्रायव्हिंग टेस्ट, कढीपत्ता कुठे मिळतो. मग कोणीतरी खिडकीतून पूर्वेच्या डोंगरांकडे बघतं आणि विचारतं, "हे डोंगर असे वाळकेच असतात का हो?"

नसतात. पण ते कळायला जानेवारी उजाडावा लागतो, आणि तोवर बरेच जण "इथे बघण्यासारखं काही नाही" असं ठरवून मोकळे होतात. मीही ठरवलं होतं. साताऱ्याहून आले तेव्हा डोळ्यांत श्रावणातलं कास होतं आणि समोर हे पिवळं गवत. माझी पहिली दोन वर्षं त्यात फुकट गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

इथला पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. सॅन होजेत वर्षभराचा पाऊस जेमतेम १५ इंच, म्हणजे आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्याएवढा. पण तेवढ्यावर डोंगर असे हिरवे होतात की फेब्रुवारीत पहिल्यांदा पाहणारा गाडी बाजूला घेतो. मार्च-एप्रिलमध्ये फुलं येतात, त्यांत नारिंगी पॉपी सगळीकडे. (ती तोडायची नाहीत. काउंटीच्या उद्यानांतून फूल, दगड, पान काहीही घरी आणायला मनाई आहे.) मे महिन्यात गवत सोनेरी व्हायला लागतं आणि मग ऑक्टोबरपर्यंत आभाळातून थेंब नाही. म्हणून फिरण्याचं कॅलेंडर आपल्या सवयीच्या उलट लावा. थंडी पडली की घरात बसायचं नाही, बाहेर पडायचं. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला जून-जुलैत निघतात, इथे त्याचे महिने जानेवारी-फेब्रुवारी.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. मात्र इथली सगळी उद्यानं काही एकाच्या ताब्यात नाहीत. आपल्याकडे एखादी टेकडी नगरपालिकेची, पलीकडची वनखात्याची असते, तसंच इथेही आहे. गावातल्या बागा शहराच्या. मोठे डोंगर नि तलाव बहुतेक काउंटी पार्क्सचे: २८ उद्यानं, सुमारे ५२ हजार एकर. १९७२ मध्ये इथल्या मतदारांनी मालमत्ता करातला ठरावीक हिस्सा उद्यानांसाठी राखून ठेवायला मंजुरी दिली, म्हणून एवढी जमीन बिल्डरांच्या हातून वाचली. त्याच वर्षी मतदारांनीच मिडपेनिन्सुला ओपन स्पेस डिस्ट्रिक्ट (थोडक्यात मिडपेन) नावाची वेगळी संस्था उभी केली. पश्चिमेकडच्या डोंगररांगेत तिची राखीव रानं आहेत. शिवाय राज्याची उद्यानं आहेतच. मॉर्गन हिलच्या वरचं हेन्री कोई हे त्यातलं सर्वांत मोठं, ८७ हजार एकरांचं.

याचा तुमच्याशी संबंध काय, तर नियम आणि पैसे. बऱ्याच काउंटी पार्क्समध्ये गाडीमागे पैसे घेतात, मिडपेनच्या रानांत काही लागत नाही. कुत्रा एका ठिकाणी चालतो, शेजारच्या ठिकाणी चालत नाही. काउंटीचं फाटक सूर्यास्ताला बंद होतं, आणि इथे "पाच मिनिटांनी काय होतंय" चालत नाही. गाडी आत राहिली तर अडकते. म्हणून फाटकावरचा फलक आधी नीट वाचायचा. वारंवार जाणार असाल तर वार्षिक पास घ्या. त्याआधी गावातल्या लायब्ररीचं कार्ड काढा, उद्यानाचा एक दिवसाचा पास पुस्तकासारखा घरी आणता येतो का ते तिथे विचारा. आमचं पहिलं वर्ष अशा पासांवर गेलं.

ज्यांच्याकडे अजून गाडी नाही, किंवा जोडीदार गाडी घेऊन कामाला जातो आणि आपण दिवसभर अपार्टमेंटमध्ये, त्यांच्यासाठी हे खास लिहिते. मी आठ महिने तशी काढली आहेत, त्या भिंती मला माहीत आहेत. लाइट रेलने डाउनटाउन कॅम्बेल स्टेशनावर उतरा. तिथून काही मिनिटांत लॉस गाटोस क्रीक ट्रेल लागते. ओढ्याकाठची सपाट, डांबरी वाट आहे, बाबागाडी सहज जाते. चालत राहिलात तर तलावांच्या कडेने थेट व्हासोना लेकच्या उद्यानात पोचता. दुसरी वाट माउंटन व्ह्यू स्टेशनाजवळची स्टीव्हन्स क्रीक ट्रेल. ती उत्तरेला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत जाते. या वाटांवर रोज ठरावीक वेळेला जा. आठवड्याभरात तेच चेहरे दिसायला लागतात, पंधरा दिवसांत कोणीतरी थांबून बोलतं. माझी इथली पहिली मैत्रीण मला अशीच एका बाकावर भेटली. सोलापूरची होती, आणि डब्यातली शेंगाचटणी बघून मी ओळखलं.

लहान मुलं असतील तर रँचो सान अँटोनियोपासून सुरुवात करा. पार्किंगपासून मैलभर चाललं की डियर हॉलो फार्म लागतं: शेळ्या, कोंबड्या, गाय, भाजीचे वाफे. अमेरिकेत जन्मलेल्या माझ्या मुलाने गाईचं शेण पहिल्यांदा तिथे पाहिलं आणि आजोबांना फोन करून सांगितलं. शनिवार-रविवारी मात्र सकाळी लवकर जा, नऊनंतर पार्किंगसाठी गाड्यांची रांग लागते. साराटोगाच्या वरचं सॅनबॉर्न रेडवूडच्या झाडांसाठी, आणि मॉर्गन हिलच्या बाजूचं उव्हस कॅन्यन धबधब्यांसाठी. उव्हसला पाऊस पडून गेल्यावर जायचं, आणि गर्दीच्या दिवसांत पार्किंगचं आधी आरक्षण करून. धबधबा म्हटल्यावर ठोसेघर डोळ्यांसमोर आणू नका. हे लहान आहेत, पण मुलांना हात लावता येईल इतके जवळ आहेत.

माझं स्वतःचं आवडतं आल्माडेन क्विकसिल्व्हर. क्विकसिल्व्हर म्हणजे पारा. इथे १८४५ पासून १९७६ पर्यंत पाऱ्याच्या खाणी चालल्या. कॅलिफोर्नियात सोन्याचा शोध लागला तेव्हा दगडातून सोनं वेगळं करायला पारा लागायचा, आणि तो या डोंगरातून जायचा. ज्या लाल दगडातून पारा काढत तो म्हणजे आपला हिंगूळ. त्याच्याही कितीतरी आधी इथले मूळ रहिवासी, ओलोनी लोक, त्या लाल मातीने अंग रंगवायचे. आता तिथे ओकच्या सावलीतल्या तीस-पस्तीस मैलांच्या वाटा आहेत, जुन्या खाणीची तोंडं आहेत, आणि पायथ्याच्या गावात एक छोटं संग्रहालय. एक गोष्ट मात्र मनावर घ्या: तिथल्या तलावांत अजून पारा आहे. मासे पकडून खायचे नाहीत. आपल्यातल्या मासेखाऊंना गळ टाकायचा मोह होतो, म्हणून मुद्दाम सांगते.

पूर्वेकडे जोसेफ ग्रँट पार्क आहे. काउंटीतलं सर्वांत मोठं, दहा हजार एकरांच्या आसपास. तिथे गुरं चरताना दिसतील. ती चुकून शिरलेली नसतात, गवत कमी राहावं आणि आगीला खाऊ मिळू नये म्हणून काउंटीच चारू देते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी वाटेवर तळहाताएवढा केसाळ कोळी चालताना दिसला तर घाबरू नका. तो नर टॅरँट्युला, मादी शोधायला निघालेला असतो. त्याला जाऊ द्यायचं. तोच रस्ता पुढे वळणं घेत माउंट हॅमिल्टनला जातो. समुद्रसपाटीपासून उंची साधारण सिंहगडाएवढी. माथ्यावर लिक वेधशाळा आहे, १८८८ पासूनची ३६ इंची दुर्बीण आहे, आणि ज्यांच्या पैशांतून ती उभी राहिली ते जेम्स लिक त्याच दुर्बिणीखाली पुरलेले आहेत. घाट लागणारं कोणी घरात असेल तर आल्याच्या वड्या न्या. त्या बाजूचंच अॅलम रॉक हे सॅन होजे शहराचं उद्यान १८७२ चं. तिथल्या झऱ्यांजवळ गंधकाचा वास येतो आणि वज्रेश्वरीची आठवण होते. (वज्रेश्वरीसारखी आंघोळ मात्र नाही.)

मुंबईकरांनी अलव्हिसोला जावं. खाडीच्या दक्षिण टोकाला जुनी मिठागरं आहेत, आता ती पुन्हा पाणथळ करण्याचं काम चालू आहे. हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी येतात. वाट सपाट आहे, वारा खूप. आलेल्या आई-वडिलांना चढ झेपत नसेल तर ही जागा उत्तम.

आता सांभाळायच्या गोष्टी. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: पॉयझन ओक. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले ते सप्टेंबरात. स्टीव्हन्स क्रीकच्या उद्यानात गेलो होतो. काउंटीचं हे सर्वांत जुनं उद्यान, १९२४ चं. सगळं रान वाळलेलं, आणि ओढ्याकाठी एका झुडपाची पानं मात्र लालबुंद, चकचकीत. बाबांनी त्यातली एक डहाळी मोडून आईच्या हातात दिली. दोन दिवसांनी बाबांच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, मग पाण्याचे फोड. रात्रभर झोप नाही. आईने हात बघितला आणि म्हणाली, "अगं, हे तर बिब्बा उतल्यासारखं दिसतंय." डॉक्टरांनी सांगितलेलं नाव मी घरी येऊन शोधलं. आई अगदी बरोबर होती. पॉयझन ओक आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि आंबा-काजूही त्याच कुळातले. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ उततात त्यांनी तर इथे जास्तच जपावं.

ओळखायची खूण: एका देठावर तीन पानं, कडा ओकच्या पानासारख्या नागमोडी. वसंतात कोवळी आणि तकतकीत, उन्हाळ्याअखेर लाल, हिवाळ्यात नुसत्या काड्या, आणि त्या काड्याही लागतात. स्पर्श झालाच तर लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा, कपडे आणि बुटांच्या नाड्याही धुवा. कुत्र्याच्या अंगावरूनही चीक आपल्या हाताला येतो. मुलांना वाटेच्या मधोमध चालायची सवय लावा.

तीच सवय बाकी गोष्टींनाही उपयोगी पडते. गवतातून गोचिडी चढतात, त्यांतल्या काहींमुळे लाइम रोग होतो. घरी आल्यावर मोज्यांच्या कडा, काखा, मुलांची टाळू तपासा. रॅटलस्नेक फुरशाच्या नात्यातला साप. शेपटी वाजली की जागीच थांबा, मग सावकाश मागे सरा. चावलाच तर ९११ (इथला आणीबाणीचा नंबर) फिरवा. बांधायचं नाही, कापायचं नाही. या डोंगरांत माउंटन लायनही (बिबट्याएवढं मोठं रानमांजर) आहे. मला इतक्या वर्षांत एकदाही दिसलेला नाही, पण दिसला तर पाठ फिरवून पळायचं नाही. लहान मुलाला उचलून घ्यायचं, हात वर करून मोठं दिसायचं आणि ओरडायचं.

उन्हाळ्यात आगीची भीती असते. ऑगस्ट २०२० मध्ये पावसाविना विजा कोसळल्या आणि पूर्वेकडच्या डोंगरांत जवळजवळ चार लाख एकर जळलं. आग वेधशाळेच्या आवारापर्यंत पोचली होती. आमच्या अंगणात राख पडत होती. म्हणून रेड फ्लॅग वॉर्निंग (आग भडकण्याच्या धोक्याचा सरकारी इशारा) असेल त्या दिवशी डोंगरात जाऊ नका, हवा धुरकट असेल तर आधी एक्यूआय (हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा) बघा, आणि शेगडी फक्त ठरवून दिलेल्या जागीच पेटवा. जुलैत जायचंच असेल तर सकाळी साडेआठला वाटेवर असा, अकराला गाडीत. माणशी निदान दोन लिटर पाणी न्या. वर पोचल्यावर लिंबू सरबत, पिठलं-भाकरी, कांदाभजी यांतलं काहीही मिळत नाही. तहानेची सोय खालूनच करायची. दशम्या आणि शेंगाचटणी इथेही तितकीच टिकते.

वाटेवर घोडा आला तर सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि स्वाराशी हळू आवाजात दोन शब्द बोलायचे, म्हणजे घोडा बुजत नाही. सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची असते. स्पीकरवर गाणी लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. वाढदिवस किंवा मंडळाची सहल करायची असेल तर व्हासोनासारख्या ठिकाणचे मोठे पिकनिक एरिया कितीतरी आधी आरक्षित होतात; मेमधला रविवार हवा असेल तर हिवाळ्यातच नोंदवा.

शेवटी एक लहानशी जागा, जी कोणी आपणहून सांगत नाही. गिलरॉयजवळ, उव्हस ओढ्याच्या काठी, चिटॅक्टॅक-अॅडम्स नावाचं चारेक एकरांचं उद्यान आहे. ओलोनी लोकांचं गाव होतं तिथे. ओढ्याकाठच्या खडकात गोल, खोल खळगे आहेत. तिथल्या बायका त्यांत ओकची फळं कुटून पीठ करायच्या. आईला तिथे घेऊन गेले तेव्हा आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि प्रत्येक खळग्यात पाणी साचलं होतं. आई एका खळग्याशी उकिडवी बसली. आमच्या जुन्या घराच्या पडवीत जमिनीत पुरलेलं उखळ होतं, तेवढंच तोंड, तेवढाच खोलवा. कडेचा दगड घासून गुळगुळीत झालेला. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग शेजारच्या खळग्याकडे बोट करून म्हणाली, "दोघी समोरासमोर बसत असणार. एकीला एकटीला एवढं कुटवत नाही."