तहानलेला कावळा वर्गात शिकवताना

दुसरी-तिसरीच्या वर्गात तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सुरू केली की पहिल्या वाक्यालाच निम्मी मुले शेवट सांगून टाकतात आणि उरलेली तात्पर्य. इसापाच्या नावाने जगभर फिरलेली ही गोष्ट घरोघरी सांगितली जात असल्यामुळे तिच्यात नवे काही नाही असे वाटते, आणि शिक्षकही ती एका तासिकेत उरकतात. माझ्या मते ती निदान तीन तासिकांची आहे; कारण ती करून पाहता येते, आणि करून पाहिली की ती दर वेळी खरी ठरत नाही.

सोलापुरात ही गोष्ट घेण्याचा योग्य काळ म्हणजे मार्च-एप्रिल. शाळा सकाळची झालेली असते, पारा चाळिशीकडे निघालेला असतो आणि नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने घरोघरी पिंप, घागरी, कळश्या भरून ठेवलेल्या असतात. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : घरातल्या पिंपाच्या तळाशी थोडेच पाणी उरले, तर ते तुम्ही कसे काढता? कोणी पिंप तिरके करतो, कोणाची आई मगाला काठी बांधते, कोणी धाकट्या भावाला आत वाकवतो. ही उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत, कारण थोड्या वेळाने कावळ्यापुढे नेमकी हीच अडचण येणार आहे आणि यांतला एकही उपाय त्याच्या उपयोगाचा नाही. ‘मग कावळ्याने घागर पाडली का नाही?’ असे एखादे मूल विचारतेच. उत्तर आपण देऊ नये. घागर पाडली तर पाण्याचे काय होईल, एवढेच वर्गाला विचारावे. तापलेल्या मातीत पाणी क्षणात जिरते, हे इथल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

गोष्ट सांगताना पुस्तक मिटलेले असावे आणि चित्र दाखवू नये. कावळा उडत असताना आवाज संथ ठेवावा, आणि त्याने घागरीत डोकावून पाहिल्यावर थोडे थांबावे. पहिला खडा टाकल्यानंतर ‘पाणी वर आले’ असे लगेच म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. एक खडा टाकला, पाणी तसेच; दुसरा टाकला, पाणी तसेच; अशा पुनरावृत्तीतच गोष्टीचा जीव आहे, आणि खडे मोजण्याचे काम पूर्णपणे मुलांकडे द्यावे.

हे मोजणे एकाच भाषेत होऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. सोलापूर शहरातील वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुले असतात, कन्नड बोलणारी असतात, दखनी उर्दू बोलणारीही असतात, आणि मराठी वाचनात अडखळणारे मूल अनेकदा अशाच घरातून आलेले असते. पहिले तीन खडे ‘ओकटि, रेंडु, मूडु’ असे पडावेत, पुढचे तीन ‘ओंदु, एरडु, मूरु’ असे, आणि त्यापुढचे मराठीत. पाण्यासाठीचे नीळ्ळु, नीरु आणि पानी हे शब्द फळ्यावर पाणी या शब्दाशेजारी लिहावेत. तेलुगूत कावळ्याला ‘काकी’ म्हणतात, हे कळल्यावर मराठी मुलांत जो हशा पिकतो तो लगेच थांबवू नये. मात्र तो शब्द सांगणाऱ्या मुलालाच पुढे बोलावून गोष्टीचा पुढचा भाग त्याच्याकडून वदवून घ्यावा, म्हणजे हसण्याचा रोख शब्दावर राहतो, मुलावर जात नाही.

दुसऱ्या तासिकेला प्रयोग. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीचा निमुळता भाग आधीच घरी कापून आणावा, कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावावी आणि बाहेरून पट्टीने दर सेंटीमीटरला शाईची खूण करावी. अशा बाटलीची उंची साधारण वीस सेंटीमीटर भरते. बांधकामाच्या जागी मिळणारी काळ्या दगडाची बारीक खडी धुऊन घ्यावी, आणि पाच सेंटीमीटर लांबीची पुठ्ठ्याची चोच करून ठेवावी. चोच काठावरून पाण्याला टेकली की कावळा प्याला.

पहिल्या वर्षी मी बाटलीत अंदाजाने पाव भाग पाणी घेतले होते. खडी भरत गेलो, पाणी अर्ध्याच्या जरा वर येऊन थांबले आणि त्यानंतर टाकलेला प्रत्येक खडा कोरडाच राहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, कावळा मेला.’ त्या दिवशी मी ओशाळून बाटली बाजूला ठेवली, जी ठेवायला नको होती, कारण खरा धडा तिथूनच सुरू होत होता.

घडते ते असे. खड्यांच्या मधे फटी राहतात आणि पाणी आधी त्या फटी भरते. खडीने भरलेल्या भांड्यात साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के जागा फटींचीच असते. त्यामुळे पाच सेंटीमीटर पाणी फार तर अकरा-बारा सेंटीमीटरपर्यंत चढते आणि पाच सेंटीमीटरच्या चोचीला ते लागत नाही. दहा सेंटीमीटर पाणी घेतले, तर बाटली खडीने भरण्याआधीच ते काठाला येते. म्हणून एक बाटली पाव भरून आणि दुसरी अर्धी भरून, दोन्ही शेजारी ठेवाव्यात आणि खडी टाकण्यापूर्वी कोणता कावळा पिईल यावर मुलांचे हात वर करून घ्यावेत. बहुतेक हात दोन्ही कावळ्यांसाठी वर होतात. तिसरीच्या मुलांना टक्केवारी सांगू नये. रिकामी बाटली खडीने काठोकाठ भरून, तिच्यात किती वाट्या पाणी मावते आणि खडी नसताना किती मावत होते, एवढे मोजू द्यावे. फट म्हणजे काय ते त्यांना दिसते. पाव भरलेल्या बाटलीतल्या कावळ्याला वाचवण्याचा उपाय विचारल्यावर कोणीतरी वाळू घालायला सांगते. तीही घालून पाहावी : वाळू खड्यांच्या फटी व्यापते आणि पाणी आणखी वर सरकते, फक्त गढूळ होते.

पक्षी हे खरोखर करतात का, असा प्रश्न येईलच, आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ तयार असावे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये कावळ्याच्याच कुळातील रूक नावाच्या चार पक्ष्यांपुढे उभ्या नळीत पाणी आणि त्यावर तरंगणारी अळी ठेवली, तेव्हा त्यांनी दगड टाकून पाणी वर आणले आणि अळी मिळवली. लहान दगडांपेक्षा मोठे दगड लवकर उपयोगी पडतात, हेही ते शिकले. आपल्या अंगणातला कावळा हे करतो असा दावा मात्र या गोष्टीच्या आधारे करू नये.

तात्पर्याचा प्रश्न मी विचारत नाही. ‘युक्ती श्रेष्ठ’ हे वाक्य मुलांना पाठ असते आणि ते लिहून घेतल्याने मुलाला गोष्ट समजली की नाही याचा काहीच पत्ता लागत नाही. त्याऐवजी तिसऱ्या तासिकेला पाच ओळी लिहायला सांगाव्यात : घागरीत तळाशी अगदी थोडे पाणी आहे, आता कावळा काय करील? ज्या मुलाला फटींचे गणित उमगले आहे त्याचा कावळा खडे टाकत बसत नाही. तो दुसरी घागर शोधतो, वाळू आणतो, किंवा नळाला पाणी येण्याच्या दिवसाची वाट पाहतो. या लेखनात ‘पानी’ आणि ‘पाणी’ यांवर लाल शाई फिरवण्याची घाई करू नये. आधी प्रत्येकाने आपला कावळा वर्गाला वाचून दाखवावा आणि शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, फळ्यावर, सगळ्यांनी मिळून पाहावे. खडी वाळवून पिशवीत भरून कपाटात ठेवावी. पुढच्या मार्चमध्ये ती लागते.