विज्ञान कादंबरीचे पूर्ववाचन : अभिप्राय कसे मागवावेत, कसे निवडावेत

विज्ञान कादंबरी छपाईला जाण्यापूर्वी तिचे हस्तलिखित काही निवडक वाचकांकडून वाचून घ्यायचे, त्यांचे अभिप्राय गोळा करायचे आणि त्यांतले कोणते लेखकापर्यंत पोहोचवायचे हे ठरवायचे, हे काम मी संपादक म्हणून बरीच वर्षे करत आले आहे. मराठी प्रकाशनव्यवहारात या कामासाठी स्वतंत्र जागा क्वचितच असते आणि मानधनही बेताचेच मिळते, त्यामुळे भाषांतर, अध्यापन किंवा मुद्रितशोधन यांच्या जोडीनेच ते करावे लागते, हे नवोदितांना आधीच सांगितलेले बरे. तरीही हे काम नीट शिकून घेण्यासारखे आहे. सामाजिक कादंबरीबद्दल वाचक जेव्हा ‘हे पात्र खोटे वाटते’ असे म्हणतो, तेव्हा त्याचा स्वतःचा अनुभव हाच त्याचा पुरावा असतो. विज्ञान कादंबरीबद्दल ‘हे शक्यच नाही’ असे तो म्हणतो, तेव्हा मात्र ते विधान पडताळून पाहता येते, आणि न पडताळता ते पुढे पाठवणे हा लेखकावर अन्याय आहे.

वाचक निवडताना सगळेच विज्ञानाचे जाणकार घेऊ नयेत. एक भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्र शिकवणारा, एक विज्ञानसाहित्य नियमित वाचणारा, एक त्याच्या वाटेला कधीच न गेलेला आणि एखादा अकरावी-बारावीचा विद्यार्थी, एवढे मला पुरेसे वाटतात. ‘कादंबरी आवडली का?’ हा प्रश्न त्यांना विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा भिडेपोटी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी वाचन कोणत्या पानावर थांबवले, कुठे मागची पाने पुन्हा चाळावी लागली, कोणत्या ठिकाणी मजकूर नुसता नजरेखालून घातला, हे पानांच्या क्रमांकासह लिहून मागावे. विज्ञान उलगडून सांगणारे परिच्छेद कुठे लांबले आहेत, हे एवढ्या नोंदींवरूनही स्पष्ट दिसते.

या वाचकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट मात्र अभिप्राय हाती येईपर्यंत करू नये. गटात पहिल्या दिवशी कुणी ठामपणे लिहिले की ‘मधला भाग रेंगाळतो’, तर पुढच्या सगळ्यांना मधला भाग रेंगाळलेलाच दिसू लागतो, आणि शेवटी हाती येते ते एकाच व्यक्तीचे मत. प्रत्येकाचे लेखी टिपण स्वतंत्रपणे आल्यानंतर सर्वांना एकत्र बोलावले, तर चर्चा मोकळी होते. लेखकाचे नावही वाचकांपासून शक्यतो दूर ठेवावे. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही आपल्या नावाचे वजन कथेच्या बाजूने पडू नये असे वाटले, हे मला फार मोलाचे वाटते. नवख्या लेखकाच्या बाबतीत ही काळजी उलट्या कारणाने घ्यावी लागते, कारण तिथे अपरिचित नाव पाहून वाचक आधीच चुका शोधू लागतो.

अभिप्राय पडताळणे म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने सांगते. मंगळावरील वसाहतीच्या एका हस्तलिखितात वसाहतीत राहणारा मुलगा नाशिकच्या आपल्या आईशी फोनवर बोलतो, असा प्रसंग होता. एका वाचकाने समासात ‘अशक्य, हे प्रकरणच काढा’ असे लिहिले होते आणि दुसऱ्याने त्याच पानावर ‘सर्वांत हृद्य प्रसंग’ अशी नोंद केली होती. आक्षेप बरोबरच होता. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातील अंतर साधारण साडेपाच कोटी ते चाळीस कोटी किलोमीटर असे कमीजास्त होत राहते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे संदेशाला एका बाजूने जायलाच सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. प्रश्नाचे उत्तर येण्यास त्याच्या दुप्पट वेळ लागणार, तेव्हा सलग संभाषण होऊच शकत नाही. परंतु सुचवलेला उपाय चुकीचा होता. मी लेखकाला आक्षेप गणितासह कळवला आणि उपाय कळवला नाही. मात्र प्रसंग वाचकाला भिडला आहे, हे आवर्जून लिहिले. लेखकाने संभाषण काढून तिथे ध्वनिमुद्रित निरोप घातले, ज्यांत आई मुलाने अजून न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देत राहते. प्रसंग आधीपेक्षा कितीतरी गहिरा झाला. वाचकाला ठेच कुठे लागली यावर जवळजवळ नेहमीच विश्वास ठेवावा, पण त्यावर त्याने सांगितलेला इलाज लेखकावर लादू नये.

याच हस्तलिखितावर दुसराही एक आक्षेप आला होता. मंगळावरचा सूर्यास्त निळसर रंगवला आहे, ही ढोबळ चूक असून आकाश तांबडे हवे, असे विज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्या वाचकाने अधिकारवाणीने लिहिले होते. प्रत्यक्षात लेखकाचेच बरोबर होते. मंगळाच्या हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांमुळे निळा प्रकाश सूर्याच्या दिशेने अधिक प्रमाणात आपल्यापर्यंत येतो, म्हणून मावळत्या सूर्याभोवतीचे आकाश निळसर दिसते, आणि क्युरिऑसिटी या रोव्हरने २०१५ साली असा सूर्यास्त रंगीत छायाचित्रांत टिपलेलाही आहे. तो अभिप्राय मी पुढे पाठवला नाही, मात्र त्या वाचकाला छायाचित्रासह उत्तर पाठवले. उलट, वादळाने गाडी उलटते या प्रसंगाला कुणीच हरकत घेतली नव्हती, पण ती मला स्वतःला घ्यावी लागली. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे तिथल्या वेगवान वाऱ्यालाही रेटा फारसा नसतो; खरा धोका धुळीने दाटणाऱ्या अंधाराचा असतो. २०१८ च्या धुळीच्या वादळात सौरऊर्जेवर चालणाऱ्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरशी संपर्क तुटला तो याच कारणाने. वाचकांचे मौन म्हणजे संमती, असे संपादकाने कधीही धरू नये.

कादंबरीच्या मूळ गृहीतकावरच घेतलेले आक्षेप मी बाजूला ठेवते. प्रकाशाहून वेगवान प्रवास शक्य आहे, असे लेखकाने पहिल्याच प्रकरणात मांडले असेल, तर ‘असे होऊच शकत नाही’ या अभिप्रायाचा त्याला काही उपयोग नाही. पण त्या गृहीतकातून निघणारे परिणाम लेखकाने पाळले नसतील, आणि तिसऱ्या प्रकरणात क्षणात पोहोचणारे यान दहाव्या प्रकरणात मदतीला वेळेवर येत नसेल, तर तो आक्षेप सर्वांत आधी कळवावा. जिथे लेखकाने गृहीतक मांडलेले नाही, तिथे ज्ञात विज्ञानच लागू होते. वीस मीटर त्रिज्येच्या फिरत्या अवकाशस्थानकात पृथ्वीइतके गुरुत्व हवे असेल, तर ते मिनिटाला जवळपास सात फेऱ्या फिरवावे लागेल आणि आतील माणसांना भोवळ येईल. मिनिटाला दोनच फेऱ्या ठेवायच्या, तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. असे आकडे नवोदितांनी स्वतः कागदावर मांडून पाहावेत. शालेय भौतिकशास्त्र त्यासाठी पुरते, आणि आकडा हातात असला की लेखकाशी बोलताना सूर आपोआप सौम्य राहतो.

अभिप्रायांत कडवट मजकूर येतोच. ‘यानाची कप्तान बाई कशाला?’ किंवा ‘लेखकाला आठवीचे विज्ञान येत नाही’ यांसारखी वाक्ये मी लेखकाकडे जाऊ देत नाही, कारण पहिल्यात कादंबरीबद्दल काही नसते आणि दुसऱ्यात असलेच तर ते अपमानाखाली दडलेले असते. दुसऱ्या प्रकारचे वाक्य लिहिणाऱ्या वाचकाला मी नेमके पान आणि नेमकी चूक विचारते. उत्तर आले तर तेवढेच पुढे जाते. तिखट पण मुद्देसूद टीका मात्र गुळमुळीत करून पाठवू नये, तिची धार जशीच्या तशी राहू द्यावी. गाळलेल्या प्रत्येक अभिप्रायाची कारणासह नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. आपल्याला न पटलेली मतेच आपण गाळत आहोत की काय, हे ती वही अधूनमधून वाचल्याने ध्यानात येते, आणि लेखकाने सगळे अभिप्राय पाहायचे म्हटले तर नावे झाकून ते दाखवताही येतात.

लेखकाला द्यायचे टिपण दोन-तीन पानांच्या वर जाऊ नये. त्यात आधी कथेच्या मुळाशी जाणारे प्रश्न असावेत, मग पडताळलेल्या वैज्ञानिक चुका आणि सर्वांत शेवटी किरकोळ दुरुस्त्या. दिवाळीच्या सुमारास पुस्तक आणायचे असेल, तर हे टिपण उन्हाळ्यातच लेखकाच्या हाती पडावे, कारण गणित बदलले की प्रसंग बदलतो आणि प्रसंग बदलला की पुढची प्रकरणे नव्याने लिहावी लागतात. पुस्तक छापून आल्यावर प्रत्येक वाचकाला प्रतीसोबत त्याच्या कोणत्या सूचनेचे काय झाले, हे थोडक्यात लिहून पाठवावे. न स्वीकारलेल्या सूचनेचे कारणही त्यात असावे, म्हणजे पुढच्या हस्तलिखितासाठी तोच वाचक अधिक नेमकेपणाने वाचतो.