अपेंडिक्स: कापायचं की गोळ्या-सलाईनवर भागवायचं?

सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून गल्लीतलं कुणाचंही पोट दुखलं की फोन मला. कोल्हापुरात पहिला संशय मिसळीवर जातो. पण बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, जेवण नको झालं, खोकलताना तिथंच कळ आली, तर संशय अपेंडिक्सवर धरा, ओवा-सोडा पुरे करा. जुलाबाचं औषध नको, शेक नको. पोट रिकामं ठेवून सीपीआर (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) किंवा जवळचा सर्जन गाठा.

तिथं रक्त तपासतील, सोनोग्राफी होईल, शंका उरली तर सीटी स्कॅन. रिपोर्ट हातात आला की एवढंच विचारा: "डॉक्टर, फुटलंय का? आत खडा आहे का?"

फुटून पोटभर पू झाला असेल तर चर्चा नको, ऑपरेशनच. पू एका जागी साठून गळू झालं असेल तर आधी नळीनं काढून अँटिबायोटिक देतात. फुटलेलं नाही, खडाही नाही, तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागू शकतं. मात्र फिनलंडमधल्या अभ्यासात अशा शंभरातल्या साधारण 27 जणांना वर्षाच्या आत ऑपरेशन लागलंच, पाच वर्षांत 39 जणांना. खडा असेल तर धोका आणखी वाढतो.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे बहुधा तीन बारीक छिद्रं. साधी केस एक-दोन दिवसांत घरी. ऊसतोडीला जाणाऱ्या, दवाखाना लांब असलेल्या माणसाला मी ऑपरेशनच सुचवते. गोळ्यांवर गेलात तर ताप किंवा कळ परतताच त्याच रात्री या. आणि तांबडा रस्सा कधी, ते सर्जनला विचारा, मला नको.